खरं बोलणाऱ्याचं घर

आमचं गाव न्हावा-शेव्याच्या बाजूला, खाडीच्या काठी. तेव्हा तिथे मिठागरं होती, खारभाताची शेतं होती आणि चौथीपर्यंतची शाळा होती. मी चौथी झाले, पुढे शिकले नाही. लिहिण्यात चूक असेल तर असो.

मी तिसरीत असताना दिवाळीनंतर पेणहून एक बाई आल्या. ब्राह्मणाच्या, विधवा, पांढऱ्या पातळातल्या. कुठल्याशा मंडळाने त्यांना गावोगाव पाठवलं होतं. काम काय, तर लोकांना चांगले गुण शिकवायचे. गावात हसू झालं. गावकीच्या पुढाऱ्याची म्हातारी बायको त्यांना तोंडावरच म्हणाली, "आमी काय वंगाळ हाव का?" बाई म्हणाल्या, तसं असतं तर मी आलेच नसते.

दर आठवड्याला एक गुण. सकाळी शाळेत, दुपारी आमच्या पडवीत बायकांमध्ये, मिठागरावरून पुरुष परतले की देवळापुढे. भाषण करत नसत. एवढंच विचारायच्या, की हा गुण तुम्ही कुणात पाहिला? स्वतःचं सांगायचं नाही, दुसऱ्याचं सांगायचं. आणि सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. आमच्यात अहो-जाहो नव्हतं. पहिल्या दिवशी बायका मागे वळून बघायला लागल्या, की आपल्या पाठीशी आणखी कोण उभं आहे.

धीराच्या आठवड्यात एक सून म्हणाली, "धीर माझ्या सासूत हाय. माझ्या हातचं जेवते." सगळ्या जणी हसल्या, सासूही हसली. मग दुसरी एक खरंच काही सांगायला लागली, मग तिसरी. मला तो प्रकार जादूसारखा वाटायचा. ज्या बायका विहिरीवर एकमेकींची उणी काढायच्या, त्या आमच्या पडवीत बसून एकमेकींचं चांगलं आठवायच्या, आणि सांगताना लाजायच्या.

त्या वेळी गावाने एक घर वाळीत टाकलं होतं. पलीकडच्या गावाशी खाजणाच्या, म्हणजे खाडीतून काढलेल्या जमिनीच्या, बांधावरून कोर्टात भांडण होतं. गावकीने ठरवलं, सगळ्यांनी एकच साक्ष द्यायची, बांध आपल्याच आजे-पणज्यांनी घातला. एका माणसाने कोर्टात सांगितलं, बांध दोन्ही गावांनी मिळून घातला. ते खरंच होतं. दावा गेला आणि त्याचं घर बंद झालं. त्याला विस्तव द्यायचा नाही, गोड्या पाण्याच्या विहिरीवर येऊ द्यायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही. जो घेईल तोही वाळीत.

त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि गावात सुईण एकच, माझी आई. आमचा बाप गेलेला. आमच्या शेतात नांगर धरायचे ते गावकीचेच लोक. आई त्या घरी गेली असती तर शेत पडीक राहिलं असतं आणि आम्ही उपाशी राहिलो असतो. हे मला त्या वयातही कळत होतं.

आणि बाईंनी गुण घेतला खरेपणा. त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी पडवीत विचारलं, खरेपणा कुणात पाहिला? सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक जण नखाने शेणाने सारवलेली जमीन उकरत बसली. बाईंना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यांनी सोपा करून विचारला. नुकसान होणार हे माहीत असून जो खरं बोलला, असा कोणी? आता तर प्रश्न त्या घराच्या दारात जाऊनच उभा राहिला. सगळ्या पुढाऱ्याच्या बायकोकडे बघायला लागल्या.

आई म्हणाली, "हाय एक. पन तेचं नाव घ्यायची बंदी हाय."

मग तिने सगळं सांगितलं, नाव न घेता. बाईंनी ऐकून घेतलं. उपदेश केला नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी तो माणूस आमच्या घरासमोर येऊन उभा राहिला. हाक मारायची बंदी, म्हणून नुसता उभा, मुंडासं हातात घेऊन. आईने पाहिलं आणि आत जाऊन बसली. तेवढ्यात शाळेकडे निघालेल्या बाई दारावरून चालल्या होत्या. आईने त्यांना आत बोलावलं.

"बाय, जाव का मी?"

मला वाटलं, त्या लगेच जा म्हणतील. गुण शिकवणारी बाई आणखी काय म्हणणार? पण त्या उंबऱ्यावर बसल्या.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या गावाची माझी होडी शनिवारी सुटेल. शेत तुमचं पडेल, माझं नाही." मग म्हणाल्या, "गेलात तर मी बरोबर येते."

"तुला बाळंतपनातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग पानी तापव," आई म्हणाली आणि उठली.

दोघी भर दिवसा गल्लीच्या मधून गेल्या. दुपारी मुलगी झाली. मी त्या घराच्या मागल्या दारी गेले तर बाई बाळंतिणीचे कपडे धूत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. आमच्या घरात पाणी प्यायला ब्राह्मण कचरायचे, त्या काळी. मला देवळात कधी काही वाटलं नव्हतं. तिथे मात्र अंगावर काटा आला आणि मी हात जोडले. कुणाला, ते मलाच कळलं नाही.

संध्याकाळी पुढाऱ्याने आईला बोलावून विचारलं, "कुनाला इचारून गेलीस?"

आई म्हणाली, "पोर भायेर येताना कुनाला इचारीत न्हाय."

आमचं घरही बंद झालं. बाई शनिवारी होडीने गेल्या. राहतील असं त्यांनी म्हटलंही नव्हतं.

पुढच्या सोमवारी आई कळशी घेऊन विहिरीवर गेली. तिला कुणी वर येऊ देईना, ती खालीच उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून. तेवढ्यात पुढाऱ्याची सून, तीही पोटुशी, पायऱ्या उतरून आली आणि आईच्या हातातली कळशी घेऊन वर गेली. तिची सासू तिथेच होती. म्हातारी सुनेकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाजूला हो, तुला वाकायचं न्हाय," आणि स्वतः रहाट ओढायला लागली. पाठोपाठ तिने त्या खरं बोललेल्याच्या घरासाठीही एक हंडा भरून ठेवला.

गावकीने बंदी उठवली असं कधी झालं नाही. ती कुणी पाळेना, एवढंच. चूक झाली असंही कुणी म्हणालं नाही. पाऊस पडल्यावर आमच्या शेतात नांगर आला, तो पुढाऱ्याच्या घरचा होता. आईने बांधावर नांगर धरणाऱ्यासाठी भाकरी ठेवली.