दोन व्हर्जनच्या मध्ये अडकलेलं माझं काम

मंगळवारी चिखलीत लाईट होती, नेट सुसाट चालू होतं, बाळ आईंकडे म्हणजे सासूबाईंकडे शांत होतं... आणि तरीही माझं काम काही केल्या होईना.

बाळंतपणानंतर मिळालेलं हे पहिलंच काम. दुपारी क्लायंटला डेमो दाखवायचा होता. तो जमला तर पुढचं सगळं काम घरून माझ्याकडेच, नाहीतर राम राम.

करायचं एवढंच होतं, की माणसाने ॲपमध्ये ईमेलने लॉगिन केलं की आतल्या आत त्याचं क्रिप्टो वॉलेट तयार व्हायला हवं. ऐकायला किती सोपं!

पण वॉलेटच्या लायब्ररीला, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडला, व्यवहारांवर डिजिटल सही करणारी लायब्ररी नव्या व्हर्जनची हवी, आणि लॉगिनच्या लायब्ररीला तीच जुन्या व्हर्जनची. एकाच चुलीवर दोन जावा, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद. नवी बसवली की लॉगिन मरायचं, जुनी बसवली की वॉलेट.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तर एकीने केलेली सही दुसरी ओळखेचना.

मग आम्हा कोडवाल्यांचा हमखास तोडगा केला. सगळं डिलीट, लॉक फाईलसुद्धा, आणि पुन्हा इन्स्टॉल. कुठलं व्हर्जन बसवायचं हे त्या फाईलमध्येच बांधून ठेवलेलं असतं, हे माहीत असूनही केलं. मग काय, जे नीट चालत होतं तेही नव्या व्हर्जनचं होऊन बसलं आणि स्क्रीनभर लाल अक्षरं.

जुनी फाईल परत आणली... आणि फिरून तिथेच. पुण्याचा टीम लीड फोनवर म्हणाला, "अगं, एक व्हर्जन तर बदलायचंय." फोन म्यूट करून मी रडले. खरंच रडले.

डेमोत खरं ते सांगून टाकलं. दोन्हींना चालेल असं व्हर्जन आज तरी अस्तित्वात नाही, एक लायब्ररी बदलावी लागेल. क्लायंट फार गोड बोलला. संध्याकाळी लीडचा मेसेज आला, पुढचं काम ऑफिसमधलंच कोणीतरी बघेल.

मला राग आला, स्वतःचा, त्यांचा, त्या लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांचा. मग रागही संपला आणि नुसतं रिकामं वाटायला लागलं. आपल्याला आता हे येत नाही, हाच एक विचार.

आई बाळाला घेऊन आत आल्या. "झालं का वं काम?"

"नाही आई. गेलं ते."

त्या पलंगावर टेकल्या. "बीबी गावाले माह्या बहिणीले म्या सांगून देल्लं होतं, सुनेचं काम सुरू झालं, पोराले सोडून आता येनं होत नाही म्हून. तिले काय सांगू आता?"

मला त्यांच्याकडे बघवेना. म्हटलं, "तुम्ही जाऊन या आई. आता मी घरीच आहे."

त्यांनी बाळाला मांडीवर निजवलं. मग म्हणाल्या, "नाही जात. दुसरं काम पाहाले बी टाईम लागनच न तुले."

मला तर दुसरं काम शोधायचंही सुचलं नव्हतं. अजूनही धीर होत नाहीये... पण आईंनी मात्र बीबीच्या बहिणीला येत नाही म्हणून खरंच कळवलंय.