रिकाम्या रांगांची तपासणी

चूक माझी होती. एवढं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत मी चिपच्या आतल्या सर्किटची तपासणी करतो. सर्किट दुसऱ्या कोणीतरी हार्डवेअरच्या भाषेत लिहायचं आणि त्याच भाषेत मी त्याला सतावणारा प्रोग्रॅम लिहायचा. त्याला टेस्टबेंच म्हणतात. आमचं सर्किट लिहायची ती कोयनानगरची एक सहकारी, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. काम तिच्याच वाटेवरचं होतं. पाटणहून कोयनानगरकडे जाताना डोंगराची माती सरकू लागली, तर अलीकडच्या वळणावर लाल दिवा लागला पाहिजे. चार खांब आणि प्रत्येक खांबाला जोडलेले जमिनीतले सेन्सर.

आधी प्रत्येक खांबाला सहा सेन्सर ठरले होते. मग जागेवरून निरोप आला की एकाला चारच पुरेत, दुसऱ्याला नऊ लागतील. आकडे पुन्हा बदलणार हे दिसतच होतं. म्हणून मी टेस्टबेंचमधला ठरलेल्या मापाचा तक्ता काढून दोन मितींचा डायनॅमिक अ‍ॅरे घातला, म्हणजे ज्याचं माप प्रोग्रॅम चालताना ठरतं असा. त्याचा नियम भाषेच्या स्टँडर्डमध्ये स्वच्छ लिहिलेला आहे. आधी बाहेरची जागा करायची, मग आतल्या प्रत्येक रांगेची वेगळी. हे मी नव्या लोकांना शिकवलेलं आहे. त्या शनिवारी मला दुपारची गाडी पकडून कुंडलला घरी जायचं होतं. मी चार खांबांची जागा केली आणि आतल्या रांगांची करायची विसरलो.

विसरलं तरी काही मोडत नाही, हेच भयंकर. आतली रांग शून्य लांबीची राहते आणि भाषेला ते चालतं. रांगेतल्या प्रत्येक सेन्सरला धक्का दे म्हटलं, तर रांगेत कोणीच नाही, म्हणून ती फेरी एकदाही फिरत नाही. उत्तर तपासणारी फेरीही फिरत नाही. शेवटी पडद्यावर येतं, चुका शून्य.

सोमवारी तो निकाल बघून ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, आधी पंचवीस मिनिटं लागायची. आता दोनच?"

"मशीन नवीन आलंय."

"हो, पण लॉगमध्ये एकाही सेन्सरची ओळ नाही. तुम्ही तर ढीगभर छापता."

"छापणं बंद केलंय मी. आणि तू तुझं सर्किट बघ ना. मी तुझी परीक्षा घ्यायची का तू माझी?"

आजूबाजूचे हसले. तीही हसली आणि जागेवर जाऊन बसली. छापणं मी बंद केलं नव्हतं.

ते सर्किट बसवलेले बोर्ड खांबांवर चढले. पाऊस चांगला लागला होता तेव्हा एका सकाळी तिथल्या फिटरचा फोन आला. "सायेब, तुमचा डबा लय शाना हाय बगा. अर्धी दरड रस्त्यावर आली तरी गप. लाल दिवा न्हाई, कायबी न्हाई."

"माणसं?"

"दुधाचा टेम्पो जरा म्होरं गेला व्हता, म्हनून वाचला."

फोन ठेवून मी फाइल उघडली आणि आतल्या रांगांची लांबी छापून बघितली. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

तिकडे तिने तासाभरात आपली चूक शोधली होती. सेन्सरचा क्रमांक मोजायला तिने तीनच बिट ठेवले होते, त्यांत आठच आकडे मावतात. आठपर्यंत ठीक, नववा मात्र पहिल्याच्या जागी मोजला जायचा आणि त्या गोंधळात दिवा लागला नाही. बैठकीत तिने स्वतःच सांगितलं, "चूक माझी आहे. मीच दोनदा बघायला हवं होतं." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या टेस्टला कसं नाही सापडलं?" मी म्हणालो, "नऊची केस सुटली असेल." सगळ्यांनी ते मानलं. तिचं पुढचं काम काढून दुसऱ्याला दिलं. मी वहीत बघत बसलो.

सर्किट लिहिणाऱ्याची चूक होणारच, ती पकडायलाच तर मला ठेवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी राहिलेल्या ओळी गुपचूप घातल्या आणि टेस्टबेंच चालवला. तिची दुरुस्ती बरोबर होती, पण आणखी तीन चुका बाहेर आल्या. एक तर अशी, की दोन खांब एकदम हलले तर दिवा लागणारच नाही. हे सांगायचं, तर आधी का सापडलं नाही हेही सांगावं लागणार होतं. मी ठरवलं, एकेक करून नव्याने सापडल्यासारख्या दाखवीन. तेवढ्यात उतरवलेले बोर्ड परत चढवायची तारीख ठरली, तीही तिची दुरुस्ती आणि माझा जुनाच निकाल धरून.

त्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही. शनिवारी ती कोयनानगरच्या एस.टी.त बसली की तिचा पोचल्याचा मेसेज ग्रुपवर येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नव्हतो. कुंडलला बायको म्हणाली, "आवं, जेवा की. त्या फोनात काय पेटलंय?" मी म्हटलं, "काही नाही, पाऊस बघतोय." पाटणकडे ढग आहेत की नाहीत, हे मी कुंडलच्या ओट्यावर बसून बघत होतो.

फिटरचा फोन आल्यापासून अकराव्या दिवशी आम्ही दोघं जीपने घाटात गेलो. फिटर शिडी लावून उभा होता. तिने पहिल्या खांबाचा बोर्ड त्याच्या हातात दिला. तेवढ्यात वळणावरून एस.टी. आली. पुढच्या खिडकीत एक बाई मांडीवरच्या लेकराला डोंगर दाखवत होती. बस खांबाखालून गेली.

"चढू का सायेब?"

"थांबा."

"आता आनि काय? सकाळधरनं शिडी धरून हुबा हाय. म्या काय खांब हाय व्हय?"

"बोर्ड लावू नका. त्याची तपासणी झालेली नाही."

ती माझ्याकडे वळली. "सर, शून्य चुका आल्या होत्या की."

मी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. रिकाम्या रांगा, तीन चुका, बैठकीतलं माझं बोलणं. ते म्हणाले, "एकही बोर्ड लावू नका. उद्या आल्या आल्या मला भेटा."

फोन खिशात ठेवला. फिटरने बोर्ड तिला परत दिला आणि शिडी काढून घेतली. ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती, बोर्ड मांडीवर घेऊन.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..." ती म्हणाली.

"तेव्हाच तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "लॉगमध्ये ओळी नाहीत हे तू दाखवलंस आणि मी ते चारचौघांत हसण्यावारी नेलं. छापणं बंद केलंय हे खोटं होतं. बैठकीत सगळं तुझ्यावर गेलं तेव्हा मला खरं कारण माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तू ह्याच रस्त्याने घरी जातेस हे माहीत असूनही गप्प बसलो. उद्या त्याच लोकांसमोर मी हे पुन्हा सांगणार आहे. पण आधी तुला सांगतो. मला माफ कर."