चौतीसची कंबर

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात शिरलं की समोरच खुंटीला एक अगडबंब पँट टांगलेली दिसायची. कंबर अठ्ठावन्न. नवं गिऱ्हाईक आलं की मास्तर तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभे राहायचे. "ओळखा बघू, कुणाची?" गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि मास्तरांची छाती फुगायची. फुगू दे की! कमावलेलं होतं ते.

बारा वर्षांपूर्वी याच माणसाला खाली पडलेली कात्री उचलता यायची नाही. साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, सगळं हात धुऊन मागे लागलेलं. मग पोटाचं ऑपरेशन झालं. जठर लहान केलं, आतडं वळवलं, आणि दीड वर्षात माणूस निम्मा झाला. साखरेच्या गोळ्याही सुटल्या. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला मान आहे हे मला आत्ता कळलं!"

डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं : खाल्लेलं सगळं आता अंगी लागणार नाही, तेव्हा जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि दरवर्षी रक्ततपासणी, जन्मभर. चार वर्षं मास्तर शहाण्यासारखे वागले. मग कंटाळले; गोळ्या सुटल्या, तपासणीही. दर रविवारी गळ्यातली टेप कंबरेला लावायची, चौतीस भरली की स्वारी खूश. बायकोनं तपासणीचं नाव काढलं की तिच्यापुढे टेप नाचवायचे. "हा बघ माझा रिपोर्ट!" जन्मभर टेपवर भरवसा ठेवलेला माणूस, त्याला कोण समजावणार?

पुढची आठ वर्षं टेप चौतीसच सांगत राहिली. आणि एके दिवशी पांढऱ्या कॉलरवर लाल डाग दिसला. सुई बोटात रुतली होती आणि मास्तरांना पत्ताच नव्हता. डोळे मिटून नुसत्या चिमटीनं कापड ओळखणारी ती बोटं! रक्त तपासलं, तर बी-बारा पार तळाला गेलेलं. नसा दुखावल्या होत्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच मास्तरांना जास्त लागलं. "इंजेक्शनं सुरू करू," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत काय परत येतंय ते बघू. सगळं येईलच असं नाही."

सहा महिने भरले त्या दुपारी बायकोनं दुकानाचं दार लोटून घेतलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली आणि कापडाचं एक टोक त्यांच्या चिमटीत दिलं.

मास्तर चोळत राहिले. कपाळावर घाम आला.

"रेशीम."

ती म्हणाली, "बरोबर."

तीस वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी डोळे उघडले. हातात खुंटीवरच्या पँटचा पाय होता. जाडंभरडं, खरखरीत कापड. त्यांना सोपं जावं म्हणून तिनं मुद्दाम तेच निवडलं होतं.

"खोटं कशाला बोललीस गं?"

"मग काय बोलू मी?" तिला रडूच फुटलं.

मास्तरांनी हातातला पँटचा पाय सोडून दिला. "आठ वर्षं कानीकपाळी ओरडत होतीस," ते म्हणाले. "चुकलो गं मी."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली. "मशीनवरचा तो अर्धा राहिलेला कोट गिऱ्हाइकाला परत देऊन टाक. म्हणावं, मास्तरांना जमत नाही आता."