मिस्त्रींच्या नावे अर्ज

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. निकालानंतरच्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. आबांनी फौंड्रीतली पाळी बुडवली आणि पुढच्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे यायला लागला. रेशनकार्ड, लाइटबिल, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दाखलेसुद्धा. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण धाकट्या भावाचं जे झालं ते त्याच अभिमानापायी झालं. लिहायला बसलेय तर आधी हेच लिहिलेलं बरं.

भाऊ कसाबसा दहावी सुटला तसं आबांनी त्याला उचगावच्या रस्त्यावर एका डिझेल गॅरेजात नेलं. नारळ आणि टॉवेल-टोपी देऊन मिस्त्रींच्या हवाली केलं. मिस्त्री मुसलमान, साठीकडे झुकलेले, शाळेचं तोंड न पाहिलेले. ट्रक वळणावर असतानाच आवाजावरून सांगायचे, कितव्या सिलिंडरचा नोझल गळतोय. त्यांच्याकडे शिकायची एक रीत होती. पहिलं वर्ष रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे. मग इंजिनाचं हेड उतरवायला मिळायचं. पण पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल नेमक्या कुठल्या क्षणी इंजिनात सोडायचं ते बसवणं, हे मिस्त्री कुणासमोर करत नसत. खंडेनवमीला गॅरेजातल्या हत्यारांची पूजा व्हायची. ज्याला टायमिंग शिकवायचं, त्याच्या हातात ते त्या दिवशी स्वतःचा पाना द्यायचे. चार-पाच वर्षांतून एखाद्यालाच.

तिसऱ्या पावसाळ्यात भाऊ घरी आला तो हसतच. यंदा पाना त्याला मिळणार होता.

मी तेव्हा राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात कामाला होते. दिवसभर फॉर्म भरणारे आईबाप बघायचे. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स होता, वर सरकारी सर्टिफिकेट. तिकडे कागलच्या एमआयडीसीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. मी फॉर्म आणून त्याच्यापुढे ठेवला.

"दसऱ्यापतुर थांबतो की, आक्का."

"फॉर्म दसऱ्यापर्यंत थांबत नाही."

"मग फुडल्या सालाला भरू. ही शिकून घेतो आन् मग जातो."

"पान्याला कोण नोकरी देतंय? कागद लागतो, कागद."

त्यानं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "ती शिकल्याली हाय. ती म्हनती तसं कर."

त्यानं सही केली. पुढच्या साली फॉर्म निघणारच होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आता मिस्त्रींना सांगायचं होतं. आबांना घेऊन जायचं, दोन शब्द बोलायचे, एवढंच. त्याऐवजी मी अर्ज लिहिला. विषय, प्रशिक्षण सोडण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून... खाली आबांची सही. वळणदार अक्षर काढलं होतं आणि मिस्त्रींना यात मान वाटेल अशी माझी खात्री होती.

भावानं नेऊन दिलेला कागद मिस्त्रींनी उलटासुलटा केला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला वाचायला बोलावलं. सगळ्यांची कामं थांबली. 'महोदय'ला कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटपर्यंत ऐकून मिस्त्री भावाला म्हणाले, "सोडायला तुजा बा चालत आलता. न्यायला कागूद आला व्हय रं?" मग म्हणाले, "जा." हे सगळं भावानं मला खूप वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हणाला, "दिला अर्ज."

आयटीआयत स्टँडवर एक इंजिन होतं. आतलं दिसावं म्हणून मधोमध कापलेलं, भागाभागाला वेगळा रंग दिलेलं. ते चालू होणं शक्यच नव्हतं. पोरं त्याच्या आकृत्या वहीत काढायची. भावाच्या आकृत्या सुरेख यायच्या. तो चांगल्या मार्कांनी पास झाला आणि सात-आठ महिने घरी बसला. कंपन्यांकडून काही येईना, तेव्हा म्हणाला, "मिस्त्रींकडं जाऊया." मी पेढे घेतले आणि सोबत गेले.

"या पावणं, बसा." मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसून दिली, त्याला एक, मला एक. कपबशीतून चहा आला. पास झाल्याचं ऐकून त्यांनी पेढा कपाळाला लावला. भाऊ खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता.

"मिस्त्री, उद्यापास्नं येऊ का?"

"येत जावा की कवाबी. च्या घ्यून जावा."

परत येताना मी म्हटलं, "बघितलंस, किती मान दिला?" बसस्टॉपवर आल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, मी तितं तीन वर्सं डब्याव बसून च्या प्यालोय. घरच्याला कोन खुर्ची देतंय?"

पुढे त्याला कागलला काम लागलं. ओतीव भागांची मापं तपासायचं, दिवसभर तेच. पगार वेळेवर. घराला स्लॅब झाला, त्याचं लग्न झालं. बाकीच्यांच्या हिशेबानं माझा निर्णय बरोबरच ठरला, लोक मला तसं म्हणतातही. भाऊ कधी वाकडं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मिस्त्री गेले तेव्हा तो मयतीला जाऊन आला. कबरस्तानाबाहेरच उभा होतो, म्हणाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आतेभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला होता. जाताना ट्रॅक्टर आमच्या दारातच धूर ओकायला लागला. "आपला मेकॅनिक हाय की घरात," आतेभाऊ म्हणाला. भाऊ खाली उतरला. बॉनेट उघडून वाकला, डोळे मिटून ऐकलं. त्याचा हात पंपाच्या बोल्टपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"टायमिंग हाललंय."

"मग बसीव की."

"मला न्हाय येत. मिस्त्री बोलवा कुनीतरी."

आतेभाऊ हसला. "मग भिताडावर सर्टिफिकेट कशाचं लावलंय रं?"

भाऊ नळावर जाऊन हात धुवायला लागला. हाताला काही लागलेलं नव्हतं. मी उंबऱ्यात उभी होते. ते सर्टिफिकेट मी लावलंय, त्यानं नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. मी आत गेले आणि फोनच्या वहीत कुठल्या मिस्त्रीचा नंबर आहे का ते बघायला लागले.