यज्ञेश्वर डॉक्टरांची नळी

सुप्याच्या एसटी स्टँडसमोर यज्ञेश्वर डॉक्टरांचा दवाखाना आणि त्याला लागून माझं घर. त्यामुळे गावातल्या प्रत्येक पोटाची खबर मला पेपरच्या आधी मिळायची. डॉक्टर दोन्ही कानांनी अधू. पेशंटनं ओरडून सांगायचं, डॉक्टरांनी त्याहून ओरडून विचारायचं. "पातळ होतं की घट्ट?" हा सवाल त्यांनी टाकला की समोरचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायचा थांबायचा. बाकावर बसलेले आम्ही निम्मे लोक आजारी नव्हतोच. करमणुकीला यायचो.

तसा माणूस भला. सुई उकळल्याशिवाय टोचायचे नाहीत आणि गरज नसेल तर मुळीच टोचायचे नाहीत. त्यावरून लोक नाराजही असत.

बहात्तरच्या दुष्काळात राहीबाई सरकारी कामावर खडीच्या पाट्या वाहायची. दर बाजारच्या दिवशी दवाखान्यात यायची ती ओटीपोट धरून, वाकून. डॉक्टरांनी "काय होतंय?" अशी गर्जना केली की बाकाकडे बघायची आणि म्हणायची, "डोस्कं दुखतंय." पोट धरून डोकं दुखणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. डोक्याच्या गोळ्या नेऊन नेऊन ती पार वाळली. पुढं पुढं तर चार पावलांवर भिंत धरायला लागली.

एका बाजारी डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. मी बाकाच्या अलीकडच्या टोकाला. राहीबाई पदराआड पुटपुटली, "बहिरं हाय मेलं. समदा गाव बसलाय, ह्याला सांगू कसं?"

डॉक्टरांनी मान वर केली. "बहिरा आहे खरा. पण हे ऐकू आलं."

राहीबाईनं जीभ चावली. डॉक्टरांनी कानातली टोकं तशीच ठेवून नळीची चकती तिच्या हातात दिली. "तोंडाशी धरा. हळू सांगा." गंमत म्हणजे नळी कानात असताना त्यांचा स्वतःचा आवाजही खाली आला.

मी इतका पुढं झुकलो की शेजारचा छगन टेलर म्हणाला, "पडाल, गुरुजी." राहीबाईचे ओठ हलत होते, डोळे वाहत होते, ऐकू मात्र काडीचं येत नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि स्वतः तिला नगरच्या गाडीत बसवलं. तिथं ऑपरेशन झालं.

त्यानंतर प्रत्येक पेशंटच्या तोंडाशी ती चकती. आमचा बाक ओस पडला. "आता हितं येऊन उपयोग काय?" म्हणत छगन दुकानात गेला. त्याच्या जागी वाड्यावस्त्यांवरच्या बाया येऊन बसायला लागल्या, ज्यांनी दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात राहीबाई टँकरपाशी दिसली. ताठ, कमरेवर भरली कळशी. मला राहवेना. म्हटलं, "काय गं, झालं होतं तरी काय तुला?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का वो गुरुजी? तुमाला बी तसंच व्हतंय का?"

टँकरवरच्या बाया कळश्या खाली ठेवून हसल्या. त्या सगळ्यांना ठाऊक असावं. मला अजून नाही.