गॅसवरचं सीताफळ

हैदराबादेत घर केलेल्या माणसाला गोठवलेल्या वस्तूंतलं सगळं कळतं, असा माझ्या थोरल्या भावाचा पक्का समज आहे. त्याच्याकडे दोन दारांचा फ्रीज आहे ना! गावी, बोथला, आला की तो आमच्या किराणा दुकानातल्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरकडे नाक मुरडून बघतो. दुकान मी चालवते. त्याने नोकरी धरली, मी दुकान धरलं, आणि बाबा ओघानेच माझ्याकडे राहिले.

त्या फ्रीजरमध्ये कुल्फ्यांच्या खाली आमचं सीताफळ असतं. दसऱ्याच्या सुमाराला उटनूरकडच्या बायका पाट्या भरभरून जंगलातलं सीताफळ आणतात. फळ लहान आणि आत नुसत्या बिया. बी-बी सोडवून गर काढता काढता कमरेचा काटा ढिला होतो. मग तो स्टीलच्या डब्यांत दाबून भरायचा आणि गोठवायचा. खायच्या आदल्या दिवशी डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणायचा, दुसऱ्या दिवशी गार पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि बर्फ जरासा कचकचत असतानाच खायचा. आच मात्र दाखवायची नाही. आच लागली की सीताफळ कडू होतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा भाऊ काही कमी शेंबडा नव्हता, पण शहरात जाऊन त्याने नाकाबरोबर डोकंही पुसून घेतलेलं दिसतं.

यंदाच्या वैशाखात एकच डबा उरला होता. बाबांना मोठं दुखणं होऊन गेलं आणि त्यांच्या तोंडाची चवच गेली. भाकरी चुरून दिली तरी दोन घासांत ताट सरकवायचे. एका दुपारी आपणहून म्हणाले, "सीताफळ हाय का वं?" किती दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं! पुढचं सीताफळ दसऱ्याला येणार, आणि दसऱ्याचं डॉक्टर काही बोलत नव्हते. म्हणजे जे काय होतं ते त्या डब्यातच होतं. मी तो लगेच खालच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. नेरडीगोंड्याला हायवे सोडला की तो फोन करतो, म्हणजे आम्ही चहाचं आधण ठेवावं. आला, बाबांच्या पायाशी बसला, औषधांच्या गोळ्या उलटसुलट करून बघितल्या आणि प्रत्येक गोळीबद्दल मत दिलं. मग परातीतला डबा उघडून बोट खुपसलं.

"हे तं अजून दगड हाय. असं तासंतास ठेवलं तं जंतू होतात त्याच्यात."

"कोणं सांगतलं?"

"व्हिडिओ पाह्यला मी. तुले नाई समजत त्याच्यातलं."

"दादा, हात नको लावू. दुपारी होते बरोबर."

तेवढ्यात थंड पेयांची गाडी दुकानासमोर लागली. क्रेट उतरवून घ्यायला मी बाहेर गेले. माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी त्याला माणूस समजले.

परत आले तर पातेलं गॅसवर होतं आणि भाऊसाहेब पळीने ढवळत होते. त्याला दुपार व्हायच्या आत हैदराबादकडे निघायचं होतं. "मंद आचेवर केलं," म्हणाला, जसं काही मंद आचेने सीताफळाला लाज वाटून ते गोड राहणार होतं! आम्हा भावंडांत तोच एक शिकलेला, हे आई किती अभिमानाने सांगायची.

मी पळी चाटली. आधी गोड लागलं आणि मग घशात जे कडू उतरलं ते उतरतच गेलं. मी ओट्यापासून वळेपर्यंत हा वाटी भरून बाबांपुढे पोचलासुद्धा. स्वतः चाखायचा प्रश्नच नव्हता, साहेबांना शुगर आहे. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. बापाला भरवतानाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचा होता.

"बाबा, नका खाऊ, कडू झालं ते," मी म्हणाले आणि वाटीला हात घातला.

बाबांनी वाटी घट्ट धरली. त्या हातांत एवढा जोर उरलाय हे मला माहीत नव्हतं. "राहू दे. गोड हाय," ते म्हणाले. महिनाभर दोन घासांवर थांबणारा माणूस ती वाटी चमच्या-चमच्याने खरवडून खात होता, आणि भाऊ माझ्याकडे बघून हसत होता. मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला. एकाला आपण काय केलं ते कळत नव्हतं आणि दुसऱ्याला सगळं कळत होतं.

भाऊ गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून नाहीसा होईपर्यंत बाबा दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माय, गुळाचा खडा दे वं. तोंड कडूजहर झालं."

"मंग खाल्लं काऊन सगळं?"

"येवढ्या दुरून आला तो. त्यानं आपल्या हातानं केलं." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुया हातचं तं रोजच खातो."

दुकानात जाऊन मी ढेपेचा खडा फोडून आणला, चांगल्यातल्या गुळाचा, आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी तोंडात धरून सावकाश विरघळवला. गोड आहे असं काही म्हणाले नाहीत.