मडमेसमोर बसायचं काम

येलदरीच्या धरण वसाहतीत जयवंतीबाईंना अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांच्या गावाबद्दल लोकांनी त्यांना एकच गोष्ट विचारली होती : तिकडं रोज मासळी खातात का? नवरा धरणाच्या कामावर फिटर म्हणून आला, त्याच्यामागून त्या वेंगुर्ल्याहून आल्या. नवरा वारला. मुलगा दिनकर इथंच कारकून झाला आणि पेडगावची सून आली, मालन. मालन स्वभावानं चांगली. पण जयवंतीबाईंनी ‘आमच्या बंदरावर’ म्हणून सुरुवात केली की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

त्र्याहत्तर साली, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, शाळेतल्या सत्यशीलाबाई दारात आल्या.

“आजी, तुम्ही वेंगुर्ल्याच्या ना? आमच्या धड्यात तुमच्या गावाचं नाव आलंय. मुलांना काही सांगाल का? एक तास.”

जयवंतीबाईंनी दोन दिवस काय काय सांगायचं ते मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी तांब्यात निखारे घालून तो इस्त्रीसारखा पातळावर फिरवला.

“शाळा तपासायला निघालाव का काय, आत्याबाई?” मालन हसली.

वर्गात त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. आगबोट काठाला लागत नसे, लांब उभी राही, माणसं पडावातून उतरत, हे त्यांनी सांगितलं. जून लागला की बंदर बंद. नारळी पुनवेपर्यंत बोट नाही, साहेबाचे विलायती डबे नाहीत. मुलं गप्प ऐकत होती, तसा त्यांचा आवाज मोकळा झाला.

“कस्टमच्या साहेबाकडं माझी आय धुणं-इस्त्री करायची. मी दहा वर्षांची. साहेब दिवसभर कचेरीत. पावसात मडम एकटीच व्हरांड्यात बसायची. एक दिवस तिनं मला समोर स्टुलावर बसवलं नि बोलायला लागली. इंग्रजीत. आय म्हणाली, बस गो, मान हलव. मी हलवली. उठताना दोन बिस्किटं मिळाली. मग रोजच.”

“नुसतं बसायचं?” एकानं विचारलं.

“नुसतं. तीन पावसाळे.”

“माझी माय खडी फोडायलीय. तिला लावा की तिथं!”

वर्ग खदखदून हसला. पुढच्या रांगेतली धुरपता मात्र हसली नाही.

“पण आजी, ती बोलायची काय?”

बिस्किटांचा पत्र्याचा डबा जयवंतीबाईंना आठवत होता, मडमेच्या हातावरचे तांबूस ठिपकेसुद्धा. पण ती काय बोलत असेल, हा विचार सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या मनात आला नव्हता.

“माका ठाऊक नाही गो,” त्या म्हणाल्या. “एकदा रडली होती. मी तेव्हापण मान हलवली.”

सत्यशीलाबाईंनी घड्याळ पाहिलं. “आजी, डचांच्या वखारीचं सांगा ना. परीक्षेला तेवढंच येतं.”

“वखारीत बकऱ्या बसायच्या, बाई.”

सत्यशीलाबाईही हसल्या. मग त्यांनी पुस्तक उघडून धड्यातल्या चार ओळी वाचल्या. जयवंतीबाईंनी खुर्चीवर बसून त्या ऐकल्या. घंटा झाली, तशी मुलं ताटल्या घेऊन दुष्काळी मदतीच्या सुकडीच्या रांगेकडं पळाली.

“झालं का भाषण?” घरी मालननं विचारलं.

“झालं.”

आणखी एखादा प्रश्न येईल म्हणून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मालननं तूर निवडायला सूप पुढं केलं.

पण आठवड्यानं धुरपता नळावर भेटली. “आठवलं का, आजी?”

“काय?”

“मडम काय बोलायची ते.”

त्या दिवसापासून जयवंतीबाई दुपारी मागच्या दाराशी बसून आठवू लागल्या. शब्द येत नसत. पण कधी एखादा तुकडा हाती लागे. मडमेनं एकदा फोटो दाखवला होता. फोटोत टोपीवाला पोरगा होता. तो विलायतेला शिकत असावा, कारण त्याच्याकडं बोट करून तिनं समुद्र दाखवला होता. एवढं जमलं की त्या घागर रिकामी नसली तरी नळावर जात.

“मग?” धुरपता विचारी.

“मग काय! तेवढंच.”

“बरं. उद्या आठवा.”

मालन दिनकरला म्हणायची, “आत्याबाईला पान्याचं लय याड लागलंय.”

असं चार वर्षं चाललं. सत्यशीलाबाईंची बदली झाली. धुरपता सातवीनंतर शाळेतून निघाली, तरी नळावर येत होती. सत्त्याहत्तरच्या वैशाखात तिचं लग्न ठरलं, चुडाव्याच्या मुलाशी. हळद लागली आणि तिचं घराबाहेर पडणं बंद झालं.

त्याच आठवड्यात जयवंतीबाईंना फोटोतल्या पोराचं नाव आठवलं. मडम ते पुन्हा पुन्हा घ्यायची. त्यांनी ते दोन वेळा मोठ्यानं उच्चारून पाहिलं.

“काय म्हनालाव?” मालननं आतून विचारलं.

“काही नाही.”

घागर घेऊन त्या नळावर गेल्या. रांगेत धुरपताची आई होती. ती मांडवाचं, पाहुण्यांचं बोलत होती. नंबर आला, तशा त्या पाणी भरून परत आल्या.